पोळ्या मोजतो, तास मोजत नाही

डोंबिवली स्टेशनाच्या आसपासच्या बाजारात फिरलं तर जेवण बनवण्यातल्या जवळजवळ प्रत्येक कामाचा दर कुठे ना कुठे लिहिलेला सापडतो. पिठाच्या गिरणीत गहू, ज्वारी, भाजणी यांचे किलोमागचे दर खडूने लिहिलेले असतात. निवडलेली मेथी, चिरलेली गवार, सोललेले वाल पाव किलोच्या पिशवीत मिळतात आणि चिरण्या-सोलण्याची मजुरी त्या किमतीत धरलेली असते. पोळीभाजी केंद्राच्या पाटीवर साधी पोळी, घडीची पोळी, ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी यांचे दर वेगवेगळे असतात. एकावर बोट ठेवून दुसऱ्याची किंमत कोणी देत नाही.

तीच गवार घरी आणून स्वयंपाकाच्या काकूंपुढे ठेवली की चिरणावळ शून्य होते. भाकरीही पोळीच्याच भावात बसते. दर विचारला तर उत्तर येतं, ‘चार माणसांचा स्वयंपाक, दोन वेळ, इतके इतके.’ काम किती, वेळ किती, कशाचे किती, यातलं काही त्या आकड्यात नसतं. या शहराला स्वयंपाकाची किंमत कळत नाही असं म्हणायला त्यामुळे जागा नाही. घराबाहेर ती नेमकी कळते, उंबऱ्याच्या आत आली की विसरायला होते. आमचं म्हणणं एवढंच की घरी येऊन स्वयंपाक करण्याच्या कामाचं माप माणशी किंवा पोळीमागे न धरता तासावर धरावं आणि ते कागदावर लिहावं. म्हणणं लहान दिसतं, पण त्याला विरोध मोठा आहे.

हा विरोध समजून घ्यायचा तर हे शहर कसं वसलं ते थोडं पाहावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. मधला पट्टा पुढेही बराच काळ भातशेतीचा, खाडीचा आणि आगरी वस्त्यांचा राहिला. आयरे, पाथर्ली, ठाकुर्ली, चोळे ही नावं आज रस्त्यांना आणि सोसायट्यांना उरली आहेत, तेव्हा ती गावं होती. इथलं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील, वालाचं बिरडं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याची नवी घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही. गिरगाव-दादरच्या चाळींत एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं झाली, आणि लग्न झालेला मुलगा कर्ज काढून डोंबिवलीत ‘ब्लॉक’ घेऊ लागला. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली.

ब्लॉक मिळाला, पण मुंबई ४८ किलोमीटर दूर गेली. जलद गाडीने तास-सव्वा तास, धीम्या गाडीने त्याहून जास्त, शिवाय स्टेशनापर्यंतची चाल. बँक, एलआयसी, मंत्रालय, टेलिफोन खात्यात नोकरी करणारी बाई सकाळी साडेसातला घर सोडणार आणि संध्याकाळी साडेसात-आठला परतणार. घराचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला असल्याने ती नोकरी सोडू शकत नव्हती. गिरगावात शेजारी सासू, जाऊ, आत्या कोणीतरी असायची, इथे ब्लॉकचं दार लावलं की आत कोणी नाही. परतताना बायकांच्या डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडणं हे या शहराचं खरं कुटीरकाम होतं. पोळीभाजी केंद्रं आणि पोळ्यांच्या काकू आल्या त्या याच भेगेतून. चैन म्हणून त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्या नसत्या तर सकाळची लोकल पकडणं अवघड होतं.

मुंबईत हे आधी घडून गेलं होतं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एकट्या आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. किराणा दुकानदाराची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्यांची कमाई जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यासाठी आधी एक गोष्ट मान्य करून घ्यावी लागली, की घरच्या चुलीवर चाललेला हा धंदाच आहे. उपनगरातल्या स्वयंपाकिणीच्या बाबतीत तेवढी पहिली पायरीही अजून चढून व्हायची आहे. खानावळवालीच्या घरी गिऱ्हाईक येई, तिची चूल तरी दिसत होती. ही दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभी राहते, म्हणून तिचं काम त्या घराच्या कामात विरघळून जातं.

आता प्रत्यक्ष काम घड्याळ लावून पाहू. चौघांचा एक वेळचा साधा स्वयंपाक: सोळा घडीच्या पोळ्या, एक भाजी, आमटी, भात. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायला पाच मिनिटं. सोळा पोळ्यांना अर्धा किलोच्या आतबाहेर कणीक, तीनशे ते सव्वातीनशे मिलिलिटर पाणी, मीठ, चमचाभर तेल, मळायला आठ मिनिटं. कणीक वीस मिनिटं झाकून ठेवायची, तेवढ्यात भाजी निवडून चिरायची. पाव किलो गवारीच्या शिरा काढून मोडायला अठरा मिनिटं सहज जातात. फोडणी देऊन भाजी शिजत टाकायला पाच, कुकर उतरल्यावर आमटीला सात. मग पोळ्या. एक तव्यावर भाजली जात असताना दुसरी लाटायची, असं न थांबता केलं तर पोळीला दीड मिनिट, सोळांना चोवीस. शेवटी ओटा, शेगडी पुसणं आणि भांडी काढून ठेवणं सात मिनिटं. बेरीज चौऱ्याहत्तर मिनिटं, म्हणजे सव्वा तास, आणि तोही हात बसलेल्या बाईचा. घरात मात्र याला ‘पाऊण तासाचं काम’ म्हणतात.

आता तोच स्वयंपाक दोघांसाठी धरा. कुकरला तेवढीच पाच मिनिटं, मळायला सहा, भाजीला बारा, फोडणीला पाच, आमटीला सात, आठ पोळ्यांना बारा, ओट्याला सात. चोपन्न मिनिटं. माणसं निम्मी झाली, वेळ पावभर उतरला. समजा, माणशी हजार रुपये महिना ठरलेत आणि आठवड्याची सुट्टी धरून सव्वीस दिवस काम आहे. चौघांच्या घरी चार हजारांत बत्तीस तास, म्हणजे तासाला सव्वाशे रुपये. दोघांच्या घरी दोन हजारांत साधारण साडेतेवीस तास, म्हणजे तासाला पंच्याऐंशी. बाई तीच, हात तोच, शेगडी तीच. माणशी दर ही पद्धत लहान घराला स्वस्त आणि बाईला महाग पडते. शिवाय एका घरातून दुसऱ्या घरी चालत जायची पंधरा मिनिटं यात धरलेलीच नाहीत. ती धरली तर सव्वाशेचे एकशेचार होतात.

या शहरात आता लहान घरंच वाढत चालली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात, आणि टिळकनगरातल्या जुन्या ब्लॉकमध्ये पंचाहत्तरीतले आईवडील. त्यांचा स्वयंपाक थोडा असतो, सोपा नसतो. एकाला मधुमेह म्हणून भाकरी, दुसऱ्याला दात नाहीत म्हणून मऊ भात, एकाची भाजी कमी मिठाची. म्हणजे दोन कढया. भाकरीचं पीठ पोळीसारखं आधी मळून ठेवता येत नाही. आधणाच्या पाण्यात एकेका भाकरीपुरतं मळायचं, थापायचं, वरून पाणी फिरवायचं, उलटायचं, आचेवर फुगवायचं. एका भाकरीला साडेतीन-चार मिनिटं, आणि पीठ जुनं असेल तर त्याला चिकटा राहत नाही, कडा चिरतात, थापलेली उचलताना मोडते. पीठ महिनाभर डब्यात ठेवलं कोणी आणि बोल कोणाला, हा वाद या घरांतून कायम ऐकू येतो. भाकरीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणावं, हा साधा नियम दोघांनी पाळला तर निम्मी भांडणं मिटतील.

पोळीमागे दर ठरवण्याची रीत वरवर न्याय्य वाटते. पण पोळी मोजली की बाई पोळीवरच वेळ वाचवणार. कणीक मुरू दिली नाही तर लाटताना ती आखडते, मग पोळी जाड राहते. तवा नीट तापायच्या आत पहिली पोळी टाकली तर ती भाजण्याऐवजी सुकते आणि तासाभरात पापडासारखी कडक होते. घडी घालताना तेल आणि पिठाचं बोट फिरवायचा आळस केला तर पदर सुटत नाहीत. वाफ न जिरवता पोळ्या डब्यात रचल्या तर तळातल्या दोन ओल्या होतात आणि डब्यात त्याच मुलाच्या वाट्याला येतात. सकाळीच संध्याकाळची कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवायला सांगणारी घरं पुष्कळ. ती काळी पडते, पोळी चिवट होते, आणि रात्री फोन येतो की आज पोळ्या बिघडल्या. यातली एकही चूक अडाणीपणाची नाही. सगळ्या वेळेच्या आहेत, आणि वेळेचे पैसे कोणी दिलेले नाहीत.

हल्ली ‘पर्सनल शेफ’ नावाची सेवा आली आहे. फोनवरच्या अ‍ॅपवर तास निवडायचा, माणसांचा आकडा टाकायचा, पैसे आधी भरायचे. गणवेशातला माणूस येतो, वेळ संपली की जातो, आणि वीस मिनिटं जास्त थांबवलं तर वाढीव आकार लागतो. गंमत अशी की ज्या घरात काकूंना पाव किलो गवार ‘जाता जाता’ निवडायला सांगतात, त्याच घरात अ‍ॅपवरच्या माणसासाठी भाजी आधी चिरून ठेवतात, तास फुकट जाऊ नये म्हणून. तासाचा दर समोर असला की मध्यमवर्ग किती शहाणा होतो ते यात दिसतं. अ‍ॅपचं कौतुक करायचं कारण नाही. रोज नवा माणूस, कोणत्या घरात गूळ किती आणि कोणाला हिंग चालत नाही हे त्याला ठाऊक नसतं, आणि तारे कमी पडले की त्याचं काम कोणाच्या सहीने बंद झालं हे त्यालाही कळत नाही. पण तासाचा हिशेब तेवढा त्यांच्याकडून घ्यावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्या काकू घरच्यासारख्या आहेत, तास कसले मोजता?’ हा आक्षेप खोटा नाही. आजारपणात उचल देणारी, मुलीच्या शाळेची फी भरणारी, दिवाळीला एक पगार बोनस देणारी घरं इथे खरंच आहेत, आणि कोणत्याही योजनेच्या आधी तीच उपयोगी पडतात. मात्र घरच्या माणसाने चार दिवस दांडी मारली तर त्याचे खाडे कापत नाहीत. घरच्यासारखं म्हणायचं आणि गावी गेल्याचे पैसे वळते करायचे, ही दुहेरी वही फार वर्षं चालू आहे. दुसरा आक्षेप, तास मोजले तर मुद्दाम रेंगाळतील. सकाळी सहा ते अकरा चार घरं करणाऱ्या बाईला पुढच्या घरी सव्वानऊला पोचायचं असतं. उशीर झाला तर तिथल्या मुलाची स्कूलबस जाते. रेंगाळणं तिलाच परवडत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. दर वाढले तर आधी नोकरी कोण सोडणार? त्या घरातली सूनच. तिचा पगार लहान असेल तर स्वयंपाक आणि पाळणाघर यांतच तो संपतो, हे गणित अनेक घरांत मांडलं गेलेलं आहे. याला सोपं उत्तर नाही. मात्र ‘तिच्या’ पगारातून स्वयंपाकाचे पैसे वजा करण्याची सवय आधी तपासावी. स्वयंपाक चौघांचा असतो, खर्चही दोन्ही पगारांतून जायला हवा. तसं धरलं की नोकरी तोट्याची आहे हा निष्कर्ष बऱ्याचदा टिकत नाही.

एक आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो जातीचा. ‘स्वयंपाकाला बाई हवी’ या वाक्यापुढे काय विचारलं जातं ते सर्वांना माहीत आहे. धुणंभांडी करणारीला एक दर, ओट्याला हात लावणारीला दुसरा, आणि सणाच्या, श्राद्धाच्या स्वयंपाकाला आडनाव बघून तिसरा. २०१७ मध्ये पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या महिलेने जात लपवली म्हणून थेट पोलिसांत तक्रार दिली होती. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली. त्या घरात जेवणाला नावं ठेवली गेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कामाचं माप नसलं की दर जन्मावर ठरतो. तास आणि पदार्थ कागदावर आले तर आडनावाचा रकाना निदान वेगळा उठून दिसेल, आणि तो भरायला सांगताना जीभ थोडी अडखळेल.

कायदा अगदीच नाही असं नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ चा आहे. अठरा ते साठ वयाच्या घरकामगाराला नोंदणी करता येते आणि पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगाराला दहा हजार रुपये सन्मानधन देण्याची योजना आहे. २०२१ च्या टाळेबंदीत सरकारने नोंदीत घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. ज्यांची नोंद नव्हती त्यांना अर्थातच काही नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलेलं आहे आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याच्या चौकटीचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं. अडतं कुठे? नोंदणीसाठी मालकाचा दाखला लागतो, आणि दाखला मागितला की घरात शंका शिरते: उद्या ही काही दावा तर करणार नाही?

इथे एक पुरावा आधीपासून तयार आहे, त्याकडे कोणाचं लक्ष नाही. नव्या सोसायट्यांच्या गेटवर प्रत्येक कामगार बाईची आत-बाहेर जायची वेळ अ‍ॅपमध्ये नोंदली जाते. जुन्या इमारतींत रखवालदाराच्या वहीत जाते. काकू सात अठ्ठावीसला आल्या, आठ पंचेचाळीसला गेल्या, हे घरमालकाच्या फोनवर टिंग वाजून कळतं. म्हणजे तास मोजले जातातच. आज ती नोंद उशीर झाला हे दाखवायला वापरतात. तीच महिन्याच्या शेवटी छापून बाईच्या हातात दिली तर कामाचा दाखला तयार, मालकाची वेगळी सही हवीच असेल तर सोसायटीच्या सचिवाने शिक्का मारावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, वार्षिक सभेचा एक ठराव पुरतो. ज्या सभेत या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची यावर तासभर चर्चा होते, तिथे एवढा वेळ निघेल.

कागद कसा असावा? एक पान पुरे. येण्याची वेळ आणि किती मिनिटं. रोजचे पदार्थ, भाकरी असेल तर किती. भाजी निवडून मिळणार की निवडायची, हे स्पष्ट. पाहुणे आले तर चार माणसांपर्यंत अर्धा तास जादा, त्याचा दर. आठवड्याला एक पगारी सुट्टी, वर्षाला पंधरा दिवस गावाला जायला. घरचे लोक फिरायला गेले तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण तेवढ्या दिवसांपुरतं दुसरं घर तिला मिळत नाही. उचल दिली तर महिन्याला किती वळती करायची याची कमाल मर्यादा. शेगडीचे दोन बर्नर चालू असले पाहिजेत हेही लिहावं. एकच बर्नर चालत असेल तर तवा उतरेपर्यंत कढई चढत नाही आणि सव्वा तासाचे पावणेदोन होतात.

महापालिकेनेही एक काम करावं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या घरांच्या मधल्या वेळात या बायका जिन्यात किंवा देवळाच्या ओट्यावर बसलेल्या दिसतात. दिवा, कोपर किंवा शहराभोवतीच्या सत्तावीस गावांतून आलेली बाई दुपारी घरी जाऊन परत येऊ शकत नाही. प्रत्येक प्रभाग कार्यालयात स्वच्छतागृह आणि बसायला खोली, आणि तिथेच महिन्यातून एक दिवस घरेलू कामगार मंडळाच्या नोंदणीची सोय, एवढं करायला फार मोठी तरतूद लागत नाही.

शेवटचं, स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांसाठी. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी कोणत्या जातीचे लोक रोज काय खातात हे नोंदवून ठेवलं. आपल्या शहराच्या स्मरणिका आपण काढतो. त्यांत गणेश मंदिर असतं, १९९९ ला सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा असते, फडके रोडवरची दिवाळी पहाट असते, आणि ते असायलाच हवं. पण शोभायात्रेला सकाळी सहाला नऊवारी नेसून निघालेल्या घरात श्रीखंड-पुरीचा घाट कोणी घातला होता, याची ओळ नाही. १९८०-८५ च्या सुमाराला तिशीत पोळ्या लाटायला लागलेल्या बायका आता सत्तरीत आहेत, काहींचे मनगटाचे सांधे गेले आहेत. पुढची स्मरणिका काढणाऱ्या मंडळाने त्यांच्यापैकी पंधरा-वीस जणींकडे वही घेऊन बसावं. पहिलं घर कोणतं, कोणत्या गाडीने यायच्या, दहा पोळ्यांना महिन्याला काय मिळायचं, रॉकेलच्या रांगेच्या दिवसांत स्टोव्हवर किती वेळ लागायचा, पहिला गॅस कोणाच्या घरी पाहिला, घरात कुठल्या कपातून चहा मिळायचा.